घोड्याच्या डोळ्यांची उंची

कालिंदीने बांबूची काठी अंगणाच्या मधोमध मातीत रोवली, तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली आणि मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं.

"चिमे, हा घोड्याचा डोळा."

चिमीने चिंधीकडे पाहिलं, मग कालिंदीकडे.

"ही आयच्या लुगड्याची चिंधी हाय," ती म्हणाली.

ओट्यावर भात पाखडत बसलेल्या बाया खो खो हसल्या. चिमीची आई लाडकी त्यांच्यातच होती. हसता हसता तिच्या सुपातलं भात सांडलं.

"बरं, चिंधी तर चिंधी," कालिंदी म्हणाली. "आता मी काठी काढून घेते. काठी गेली तरी डोळा तिथेच आहे. तू त्या डोळ्याकडे बघून बोलायचंस."

तिने काठी उपटली. चिमी थोडा वेळ तिथे टक लावून उभी राहिली.

"आता तं काईच नाय," ती म्हणाली. "पल्याडचा ताड दिसतो."

पटकथा लिहिताना कालिंदीला हे सगळं सोपं वाटलं होतं. झोपडीच्या भिंतीवरचा पांढरा घोडा खाली उतरतो, समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलीला पाठीवर घेतो आणि डोंगराच्या बाजूने थेट नवापूरच्या किनाऱ्यावर घेऊन जातो. मुलगी खरी, अंगण खरं, समुद्र खरा. घोडा तेवढा चितारलेला. आधी कॅमेऱ्याने नुसत्या मुलीचं चित्रण करायचं. मग मुंबईला शांताराम चित्रकार फिल्मच्या एकेका चित्रासाठी घोड्याचं एकेक चित्र काढणार, आणि दोन्ही एकावर एक छापली जाणार. सगळी मदार एकाच गोष्टीवर होती. मुलीची नजर असेल तिथेच घोडा असायला हवा. नजर वीतभर जरी चुकली, तरी तो घोडा राहणार नव्हता, फिल्मवर पडलेला डाग झाला असता.

कालिंदी खरे एका कॉलेजात प्रकाशाचे धडे शिकवत असे. ती नोकरी सोडून तिने मुलांसाठी लिहायला घेतलं होतं, आणि ही तिची पहिलीच पटकथा होती. तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तिचा भाऊ तिथे इंजिनियर होता आणि बोईसरला राहत होता. त्याच्याकडे मुक्काम करून ती वारल्यांच्या या आंबेपाड्यावर येत होती. जीप तिला रस्त्याला सोडी, पुढची टेकडी ती पायी चढे.

चिमीला नजर सापडेना, तेव्हा कालिंदीने शिकवायची रीत बदलली. तिने घोड्याला रोज कामं लावून दिली. चिमीने त्याच्यासाठी गवत आणायचं. उन्हं चढली की त्याला पाणी दाखवायचं. त्याची पाठ कुठे, शेपूट कुठे, हे मातीत रेघा मारून ठरवून टाकलं. रेघा दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी विस्कटल्या, पण तोवर त्यांची गरज उरली नव्हती. एका सकाळी डोक्यावर हंडा घेऊन येणारी चिमी अंगणात मध्येच थबकली आणि लांबून वळसा घालून घरात गेली.

"अशी का गेलीस गं?"

"त्यो उबा हाय ना," चिमी म्हणाली.

कालिंदीच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या क्षणी तिला इतका आनंद झाला की तिने चिमीला उचलूनच घेतलं.

त्याच दिवशी बायांनी तिच्याकडून सगळी गोष्ट ऐकून घेतली. पाड्याची धवलेरी बायडी मुद्दाम येऊन बसली होती. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिताना आणि नवरानवरीला हळद लावताना देवीची गाणी म्हणायचा मान तिचा. बायडी तंबाखू मळत ऐकत होती.

"घोडा मांगारी कवा आनतो पोरीला?" तिने विचारलं.

"परत नाही आणत. ती समुद्र बघते, आणि गोष्ट तिथे संपते."

"नेतो, आनि आनत नाय."

"तसंच."

बाया एकमेकींकडे बघून गालात हसल्या.

"हा घोडा भिंतीवर कोन लिवनार?" बायडीने विचारलं.

"तुम्हीच लिहा ना!" कालिंदी म्हणाली. तिच्या मनात तेच घोळत होतं. "शांताराम तुमच्या घोड्यावरूनच घोडा काढेल. पण नुसता घोडा नको. लग्नात लिहिता ना, देवीचा चौक, बाजूला घोडा, तसाच सगळा हवा. जसाच्या तसा. काहीही कमी नको."

लाडकीचं सूप थांबलं.

"काईच कमी नको?" बायडी म्हणाली.

"काहीच नको."

"तुमचं लगीन झालंय का, बाय?"

"नाही."

"मंग तुमाला तरी कसं ठावं असनार," बायडी म्हणाली आणि तंबाखू गालात सरकवली. "पुनीव झाली का या. लिवून ठेवतो."

पौर्णिमा सरल्यावर दोन जीपगाड्या टेकडीखाली येऊन थांबल्या. दिग्दर्शक सबनीस, त्यांचा कॅमेरावाला, शांताराम चित्रकार आणि सामान उचलायला बोईसरहून घेतलेली माणसं. मुंबईहून आलेला कॅमेरा संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचा होता. भिंतीवरून घोडा उतरतो तो प्रवेश आज साधला नसता, तर पैसे देणाऱ्यांनी चित्रपट बंद करायचं आधीच सांगून ठेवलं होतं. सबनीसांनी ते कालिंदीला वाटेत हसत हसत ऐकवलं, पण हसताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

अर्ध्या टेकडीवरच ढोल ऐकू येऊ लागला.

"आपल्या स्वागताला की काय?" सबनीस म्हणाले.

वर पोचल्यावर कालिंदीला अंगण ओळखू येईना. माणसांनी ते गच्च भरलं होतं. लांबलांबच्या पाड्यांवरून आलेले लोक, जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, ताडीची मडकी, चुलीवर रटरटणारं मोठं भगुणं. भिंतीवर ऊन यावं म्हणून झोपडीचा पुढचा कूड काढून ठेवा, असं तिने लाडकीचा घरवाला झिपरू याला सांगून ठेवलं होतं. तो त्याने काढला होता. त्या मोकळ्या जागेतून आतली भिंत दिसत होती. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढराशुभ्र चौक होता. नक्षीच्या पट्ट्यांच्या आत देवी उभी होती, आणि चौकाच्या अंगाला घोडा होता. कालिंदीने कल्पना केली होती त्यापेक्षा तो कितीतरी सुंदर उतरला होता.

मग गर्दीतून चिमी धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत हळदीने माखले होते. गालांवर हळद, कपाळावर हळद.

कालिंदीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे काय?" ती म्हणाली. "चिमे, हे काय लावलंय तुला?"

"लगीन हाय," चिमी म्हणाली. "तुमी उशीर केला. फडकं काढून चौक उगडला बी."

"कोणाचं लग्न?"

पण तेवढ्यात कोणीतरी चिमीला हाक मारली आणि ती गर्दीत नाहीशी झाली. ओट्यावरचं सगळं बोलणं कालिंदीला एका दमात आठवलं. घोडा नेतो आणि परत आणत नाही, असं तीच म्हणाली होती. चौक जसाच्या तसा हवा, काही कमी नको, हेही तिचेच शब्द. चिमीचं वय तिने कधी विचारलंही नव्हतं. फार तर दहा असेल.

"वा!" सबनीस मागून म्हणाले. "कालिंदीबाई, तुम्ही तर कमालच केलीत. सबंध लग्नच उभं केलंत!"

ती गर्दीतून वाट काढत निघाली. बायडी भिंतीपाशी बसली होती, गाऊन गाऊन तिचा आवाज बसला होता.

"बायडीबाई, हे थांबवा," कालिंदी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटत होता. "अहो, ती गोष्ट होती. सिनेमातली. घोडा खोटा आहे, शांताराम कागदावर काढणार आहे तो. त्या एवढ्याशा पोरीचं..."

बायडीने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"आमाला काय कळत नाय व्हय, बाय? बोईसरला तंबूतला सिनेमा आमी बी पायलाय. घोडा तुमचा खोटा हाय, ते ठावं हाय. पन चौक खरा मागितला कोनी?"

"मी."

"चौक लिवला का देवी येती. देवी आली का लगीन लागतं. देवीला बोलवून मांगारी धाडायची? 'जा बाई, सिनेमा होता' म्हून?" आजूबाजूच्या बाया हसल्या. "पोर ल्हान हाय. वारल्यांत असल्या पोरींची लग्नं लावत नाय कोनी. मंग समदा पाडा बसला इचार करत. नवरी कुटून आनायची? तवा लाडकी म्हनली, मी हाय."

"लाडकी?"

"आमी ऱ्हायलो तसंच," मागून झिपरू म्हणाला. त्याच्या डोक्याला बाशिंग होतं आणि तो बराच प्यायलेला होता. तो तारापूरला बांधकामावर दगड वाहत असे. तिथे ऐकलेली हिंदी आज त्याच्या तोंडात खेळत होती. "शादी नहीं किया था, मेमसाब. तवा भात नव्हतं घरात. मंग चिमी झाली, मंग ऱ्हाऊनच गेलं. तुमी चौक मागितला, लोक बोलले का ह्येंचंच उरकून टाका."

घराच्या आडोशातून लाडकी बाहेर आली. अंगभर हळद, कोरं लुगडं, कपाळाला बाशिंग. इतके दिवस कालिंदी तिच्या ओट्यावर बसत होती, तिच्या हातची भाकरी खात होती, तिला चिमीची आई म्हणत होती. हिचं लग्न झालेलं नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. लाडकी खाली बघून हसत होती. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

कालिंदी ओट्याच्या कडेला बसली. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण पुरतं नाही. आपण ओट्यावर एक वाक्य बोललो, आणि इथे मांडव उभा राहिला.

सबनीसांनी आकाशाकडे पाहिलं.

"छान झालं. शुभेच्छा. आता चिमीला तोंड धुवायला लावा, ऊन भिंतीवरून सरकायच्या आत प्रवेश घेऊन टाकू."

"चिमी नाय," बायडी म्हणाली.

"म्हणजे?"

"आजची नवरी लाडकी. चौकातला घोडा नवरीसाटी हाय. त्यो उतरनार तं लाडकीसाटी उतरनार. पोरीला त्याच्यावर बशीवली तं तिचं लगीन लागल्यागत व्हईल."

"अहो, पण घोडा खोटा आहे ना? आत्ताच म्हणालात!"

"घोडा खोटा. पन उतरनार खऱ्या चौकातनं."

सबनीस कालिंदीकडे वळले. कॅमेरावालाही तिच्याकडे बघत होता. बायडीने जे सांगितलं त्यात तिला एकही चूक सापडत नव्हती. खरं आणि चितारलेलं एकत्र करायचं, तर सांधा कुठे येतो हे आधी ठरवायला हवं. तिने तो ठरवला नव्हता. बायडीने ठरवला होता.

"आईला बसवू," ती म्हणाली.

"मुलांच्या चित्रपटात?"

"आईनेही समुद्र पाहिलेला नसेलच. पुढचं मी रात्रीतून बदलून देते."

"माजी बायको पळवता का काय?" झिपरू ओरडला. "आजच मिळाली मला!"

अंगण हसण्याने दणाणलं. चिमी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. इतके दिवस गवत आणणारी, पाणी दाखवणारी तीच. कालिंदीची नजर तिच्यावरून गेली. मूल हिरमुसलंय, नंतर समजूत काढू, असं तिच्या मनात आलं, आणि ती लाडकीला कुठे उभं करायचं ते दाखवायला वळली.

गर्दी मागे सारली. ढोल थांबवला. अंगणाच्या मधोमध एक उंच घडवंची ठेवून तिच्यावर काळं कापड टाकलं. तिच्यावरच पुढे घोड्याची पाठ चितारली जाणार होती. बोईसरची माणसं 'चुप, चुप' करत पोरांना दटावत होती. शांताराम जमिनीवर मांडी घालून बसला, हातात पेन्सिल.

"लाडकी, घोडा भिंतीवरून निघेल, हळूहळू इथवर येईल. तू त्याच्याकडे बघत राहायचं. आला की त्याच्या मानेवर हात ठेवायचा आणि चढून बसायचं. जमेल?"

"जमंल," लाडकी म्हणाली.

कॅमेरा घरघरू लागला.

कालिंदीला वाटलं होतं, ती बुजेल, हसेल, पदराआड तोंड लपवेल. लाडकीने भिंतीकडे पाहिलं. तिची नजर घोड्यावरून निघाली, चौकाच्या कडेने खाली आली, उंबऱ्याशी अडली, आणि मग अगदी सावकाश, एखादं जनावर अंदाज घेत यावं तशी अंगणात आली. नजर येईल तसतसा लाडकीचा चेहरा उजळत गेला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली आणि जो येणार नाही असं धरून चाललो, तोच दारात यावा, तसं ती बघत होती. तिने हात उचलला. रिकाम्या हवेत तिचा तळवा थबकला आणि मानेवरून फिरला. झिपरूच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

लाडकी घडवंचीवर चढली. मागे वळून न बघता ती पुढे झुकली, आणि कालिंदीलाही क्षणभर वाटलं की आता ही निघाली.

"ए घोड्या!"

चिमीची किंचाळी इतकी तीव्र होती की कॅमेरावाला दचकला.

"माज्या आयला नाय न्यायची! तू मांगारी आनत नाय! मला ठावं हाय, तू मांगारी आनत नाय!"

तिच्या हातात मातीचं ढेकूळ होतं. ते तिने होतं नव्हतं ते बळ लावून भिरकावलं. ढेकूळ घडवंचीच्या पुढून, घोड्याचं डोकं जिथे असायचं तिथून गेलं आणि भिंतीवर फुटलं.

चौकाजवळून माती ओघळली. पिठाच्या घोड्याच्या पुढच्या पायांच्या जागी गेरूचा लाल चट्टा उरला होता. एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांना हात लावले. चौक मोडला. भर लग्नात, देवी आलेली असताना, आणि हे सगळं त्या पोरीला कालिंदीनेच शिकवलेलं. रोज उठून, गवत आणायला लावून शिकवलेलं.

बायडी उठली. गुडघ्यांवर हात टेकत भिंतीपाशी गेली, वाकून चौकाची एकेक कड तपासली, देवीचे पाय तपासले. मग घोड्यापाशी आली.

"चौकाला लागलं नाय," ती म्हणाली. "देवीला बी नाय. घोड्याचा पाय तेवडा मोडला." ती माणसांकडे वळली. "आता ह्यो काय कुटं जात नाय. झिपऱ्या, बायको ऱ्हायली तुजी!"

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळं अंगण. ढोलावर थाप पडली. लाडकी घडवंचीवरून उडी मारून खाली आली आणि तिने चिमीला पोटाशी धरलं. "कुटं जाते गं मी? हितंच तं हाय," ती म्हणत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी हळदीवरून ओघळत होतं. ती हसतेय की रडतेय, हे कळत नव्हतं.

"सगळं आलं!" सबनीस कॅमेरावाल्याचे खांदे हलवत होते. "एकूण एक आलं! शांताराम, घोडा बिचकतो, मागच्या पायांवर उभा राहतो. बाई, हे तुम्हाला लिहून लिहिता आलं नसतं!"

शांतारामची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती, आणि कागद कोरा होता.

कालिंदी ओट्यावर बसली होती. मघापासून तिला कोणी काही विचारलं नव्हतं. नाचणाऱ्यांचा फेर सुरू झाला, कोणीतरी तिच्या हातात ताडीचा द्रोण दिला, तो तिने बाजूला ठेवून दिला. थोड्या वेळाने चिमी आईच्या मिठीतून सुटून तिच्यापाशी आली. नाक ओढत उभी राहिली. हळदीचे हात तिने मागे धरले होते.

"बाय," ती अगदी हळू म्हणाली, "लई लागलं का वं त्येला?"

कालिंदीने तोंड उघडलं. तिथे कोणीही नाही, कधी नव्हतंच, हे चिमीला समजेल असं सांगता आलं असतं. तिला सांगता येत होतं, तिचं कामच ते होतं. ती अंगणाच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. नाचणारे पाय तिथून धूळ उडवत फिरत होते.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. तिने चिमीचा हळदीचा हात हातात घेतला. "चल, बघू या."